पायधूळ आणि फुफाटा

दिवाळीच्या आमंत्रणात आपण ‘एकदा घरी पायधूळ झाडावी’ असे लिहितो. पाहुण्याने यावे, ही त्यातली विनंती. शुभवर्तमानात मात्र येशू शिष्यांना सांगतो, की ज्या गावाने तुम्हांला घेतले नाही, तेथून निघताना पायांची धूळ झाडा. तेथे झाडणे म्हणजे संबंध तोडणे. शब्द तेच, अर्थ अगदी उलटा. मराठी भाषांतरकाराची ही अडचण लहान नाही.

मूळ ग्रीकमध्ये तर या एका धुळीला दोन शब्द आहेत. मत्तय आणि लूक ‘कोनिओर्तोस’ लिहितात. ‘कोनिस’ म्हणजे धूळ किंवा राख, आणि पुढचा भाग उठणे, उसळणे या अर्थाच्या धातूचा. तेव्हा हा उठलेला धुरळा. मार्कचा शब्द ‘खूस’. हे ‘खोओस’चे आकसलेले रूप, पुल्लिंगी, ओतणे या अर्थाच्या धातूपासून आलेले. भाषाशास्त्रज्ञ त्याच धातूचे नाते संस्कृत ‘हु’शी, म्हणजे आपल्या आहुतीशी, लावतात. खूस ही ओतलेली, पडून राहिलेली भुसभुशीत माती; म्हणून मार्क तिला ‘पायांखालची’ म्हणतो. उत्पत्तीच्या जुन्या ग्रीक भाषांतरात देव माणूस घडवितो तो याच मातीचा. तेथे ‘माणूस’ही द्वितीयेत आणि ‘खूस’ही द्वितीयेत, व्याकरणाने दोघांत अंतरच ठेवलेले नाही.

प्रचलित मराठी भाषांतरांत दोन्हीकडे ‘धूळ’च. चूक नव्हे, पण बीडकडच्या माणसाला ती गुळमुळीत वाटावी. बालाघाटाच्या पायथ्याशी उन्हाळ्यात गाडीवाटेवर पाऊल रुतते तो फुफाटा, आणि बैलांच्या पायांनी उडतो तो धुरळा. शिवाय ‘आगीतून फुफाट्यात’ पडणाऱ्याचा फुफाटा म्हणजे ऊन राख! धूळ आणि राख एकाच शब्दात बांधणारे ग्रीक काही एकटे नाहीत.

पंडिता रमाबाईंनी केडगावी राहून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या पश्चात १९२४ साली प्रसिद्ध झाले. साध्या बायाबापड्यांना कळावे, हा त्यांचा आग्रह. तोच पुढे न्यायचा, तर मत्तय-लूकांना ‘धुरळा’ आणि मार्कला ‘फुफाटा’ द्यायला हरकत नसावी. फुफाटा कोणाला ग्राम्य वाटेल, वाटो. ते शिष्यही पायीच हिंडत होते. आणि ‘झाडणे’ सोडून ‘झटकणे’ घेतले, म्हणजे यजमानाच्या आमंत्रणाशी गल्लतही होणार नाही.