निवासी डॉक्टरांचा सर्व्हे: १५ टक्के खरे की ३१?

ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) कृती दलाचा अहवाल आला. विषय होता वैद्यकीय विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य. ऑनलाइन सर्व्हेला एमबीबीएसच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी, ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आणि ७,०३५ अध्यापकांनी उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत टक्केवारीच्या हेडलाइन आल्या, आणि आठवडाभरात विषय संपला.

आज हा अहवाल आपण जरा टीकेच्या नजरेने वाचू. पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांपैकी निम्मे जण ‘मी सर्व्हे करणार’ म्हणतात. सर्व्हे कुठे मजबूत असतो आणि कुठे पोकळ, हे दुसऱ्याच्या कामावर शिकणं सोपं जातं. आणि विषय आपल्या ओळखीचाही आहे. मुकुंदवाडी, जयभवानीनगर, सिडको भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: घरात मोठं आजारपण आलं की घाटी, आणि सरकारी दवाखान्यात रात्री दोन वाजता समोर उभा असतो तो बहुतेक वेळा एमडी-एमएस शिकणारा, आपल्याच वयाचा निवासी डॉक्टर.

आधी चांगलं ते सांगते

असा देशपातळीवरचा प्रयत्न झाला हीच मोठी गोष्ट. विद्यार्थ्यांबरोबर अध्यापकांनाही विचारलं, हे बरं केलं. शिफारशी गोलमाल नाहीत: निवासी डॉक्टरने आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम करू नये, म्हणजे एक २४ तासांची ड्युटी, पाच दिवस दहा-दहा तास आणि एक दिवस सुट्टी. सध्याचं चित्रही आकड्यांत आलं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी जवळपास ४५ टक्के आठवड्याला ६० तासांहून जास्त काम करतात, आणि ५६ टक्क्यांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही.

आता त्रुटी.

एक: उलटे चालणारे आकडे

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं, आणि १६.२ टक्क्यांनी आत्महत्येचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असल्याचं. पदव्युत्तर गटात आजार सांगणारे फक्त १५.३ टक्के, पण आत्महत्येचे विचार सांगणारे सुमारे ३१ टक्के.

परत वाचा. एमबीबीएसच्या गटात आजार जास्त, विचार कमी. निवासी डॉक्टरांत आजार निम्म्यावर आणि विचार दुप्पट. नुसता १५.३ चा आकडा घेतला तर ‘पीजीला गेल्यावर पोरं सावरतात’ असा निष्कर्ष निघतो. नुसता ३१ चा घेतला तर बरोब्बर उलटा. दोन्ही आकडे एकाच फॉर्ममधून आलेले आहेत.

असं का झालं असावं? माझा तर्क असा, की ‘तुम्हाला मानसिक आजार आहे का?’ याचं उत्तर ‘हो’ यायला आधी कुणाकडून तरी निदान व्हावं लागतं, किंवा स्वतःशी कबूल करावं लागतं. ज्याला झोपायला वेळ नाही तो मानसोपचार ओपीडीत कधी जाणार? आणि ती ओपीडी त्याच्याच दवाखान्यात, केस पेपर काढणारा त्याच्याच बॅचचा. मदत मागण्यातला संकोच आणि गोपनीयतेची भीती अहवालातही नोंदलेली आहे. म्हणजे १५.३ हा आकडा आजार किती आहे यापेक्षा आजाराचं नाव उच्चारायची मोकळीक किती आहे हे मोजत असावा. पण हा तर्कच. दोन वेगळ्या गटांना एकदाच विचारलेल्या प्रश्नांतून तो सिद्ध होत नाही. त्यासाठी तीच मुलं इंटर्नशिपपासून पीजी संपेपर्यंत पाहावी लागतील.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘गेल्या वर्षभरात’ आत्महत्येचा विचार केल्याचं सांगणारे पदव्युत्तर विद्यार्थी ५६४ होते, म्हणजे १०.५ टक्के. काळाची चौकट बदलली की आकडा बदलतो. हेडलाइनला मोठा आकडा लागतो. तुम्ही टक्केवारी उचलताना मूळ प्रश्न आणि त्यातला कालावधी दोन्ही लिहा.

दोन: छेदात कोण आहे?

५,३३७ हा आकडा भरभक्कम वाटतो. पण देशात वर्षाला साठ हजारांहून जास्त पदव्युत्तर वैद्यकीय जागा आहेत. तीन वर्षांचे मिळून दीड लाखाच्या पुढे. त्यातले तीन-चार टक्के बोलले, आणि तेही ज्यांनी स्वतःहून फॉर्म भरला ते. ज्याला सगळ्यात जास्त त्रास झालाय तो रागाने फॉर्म भरेल, की सलग ड्युटीनंतर फोन बाजूला फेकून झोपेल? दोन्ही शक्य आहे, म्हणून आकडा फुगलाय की आटलाय हे सांगता येत नाही. नमुना मोठा असला म्हणून तो प्रातिनिधिक होत नाही. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो, तयार राहा.

तीन: ७४ तास कशाच्या तुलनेत?

केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टर योजनेच्या ५ जून १९९२ च्या पत्रात कनिष्ठ निवासी डॉक्टरांसाठी साधारण ४८ तासांचा आठवडा आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नको, असं लिहिलेलं आहे. कामाचा ताण पाहून तास लवचीक ठेवायची पळवाटही त्याच वाक्यात आहे, आणि व्यवहारात ती पळवाटच नियम झाली. बत्तीस वर्षांनी ‘सुधारणा’ म्हणून ७४ चा आकडा येतो. सत्तर-ऐंशी तास राबणाऱ्याला हा दिलासा आहे, नाही म्हणत नाही. पण कागदावरचं जुनं माप ४८ होतं, हे शेजारी ठेवून वाचलं की दिलाशाचा रंग बदलतो. आपल्या विषयातले जुने शासकीय कागद वाचायचा कंटाळा करू नका, ते यासाठी.

चार: जे विचारलंच नाही

माझा मुख्य आक्षेप हा. तास, झोप, सुट्टी, विद्यावेतन हे सगळं मोजता येतं म्हणून मोजलं. पण तरुण डॉक्टर आतून मोडतो तो फक्त तासांमुळे नाही.

काही प्रसंग घ्या. व्हेंटिलेटर एक आणि पेशंट दोन. औषध वॉर्डात नाही, ‘बाहेरची चिठ्ठी’ लिहायची तर समोरच्या म्हाताऱ्याच्या खिशात परतीचं भाडं सोडून काही नाही. राउंडला सरांनी सांगितलेला डोस चुकीचा वाटतोय, पण सही त्याच सरांची थिसिसवर लागणार आहे. मारहाणीच्या केसमध्ये कुणीतरी दबाव टाकतंय की जखम किरकोळ लिहा. संपाची हाक आलीय, आणि तुमच्या वॉर्डात कालच ऑपरेशन झालेला माणूस आहे.

अमेरिकन तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमेटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या कामाबद्दल लिहिताना इथे एक उपयोगी फरक केला. योग्य काय हेच कळत नाही, तो नैतिक पेच. योग्य काय ते कळतंय पण व्यवस्था तसं करू देत नाही, ती वेगळी गोष्ट. तिला मी ‘नैतिक घुसमट’ म्हणते. एक व्हेंटिलेटर आणि दोन पेशंट हा पेच. बाहेरची चिठ्ठी ही घुसमट. पेचाला शिक्षण आणि ज्येष्ठांचा सल्ला उपयोगी पडतो. घुसमटीला समुपदेशन पुरत नाही, तिथे औषध खरेदीची यंत्रणा सुधारावी लागते. मोजताना दोन्ही एकाच ‘ताण’ नावाच्या रकान्यात टाकले तर उपायही चुकतो.

मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात होते. औषधं आणि मनुष्यबळ यावर वाद पेटला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अधिष्ठात्यांना खासदाराने शौचालय साफ करायला लावल्याचं दृश्य वाहिन्यांवर फिरत राहिलं. पण अशा रात्री नवजात कक्षात उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरच्या मनात काय होतं, हे तासांच्या सर्व्हेत कुठे येणार? तिथे त्या रात्रीची नोंद फार तर ‘बारा तास’ एवढीच.

हे मोजता येत नाही असंही नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एमएमडी-एचपी’ नावाची प्रश्नावली यासाठीच आहे. २७ प्रसंग, प्रत्येकाला दोन प्रश्न: असं किती वेळा घडतं आणि घडतं तेव्हा किती त्रास होतो. दोन्हींना ० ते ४ गुण देऊन गुणाकार करायचा, म्हणजे एकूण ० ते ४३२. गुणाकारामुळे क्वचित घडणारी पण जिव्हारी लागणारी गोष्ट आणि रोजची पण सवयीची झालेली गोष्ट, दोन्ही दिसतात. मात्र ही परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत आणून भागणार नाही. त्यात ‘बाहेरची चिठ्ठी’ सापडणार नाही. आधी दहा-बारा निवासी डॉक्टरांशी निवांत बोलून इथले प्रसंग गोळा करावे लागतील.

हा पेच आपलाही आहे

एमडी-एमएसला थिसिस सक्तीचा आहे. म्हणजे तोच तरुण सकाळी डॉक्टर असतो आणि दुपारी संशोधक. ज्याच्या हातात सलाईन आहे त्यालाच तो संमतीपत्रावर सही मागतो. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की संमती ऐच्छिक हवी, आणि नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही हे सांगायला हवं. पण खेड्यातून आलेला माणूस डॉक्टरला ‘नाही’ म्हणेल का? कागद पूर्ण, सही पूर्ण, आणि तरी संमती अर्धीच.

तुम्ही डॉक्टर नसाल. पण वस्तीत, शाळेत, अंगणवाडीत फॉर्म घेऊन जाल तेव्हा समोरच्याला तुम्ही ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’च दिसणार. म्हणून सिनॉप्सिसमध्ये एक ओळ आत्ताच लिहून ठेवा: माझ्या सर्व्हेला नकार देणं समोरच्याला किती सोपं आहे, आणि ते सोपं व्हावं म्हणून मी काय करणार आहे. सही कुणी घ्यायची, फॉर्म घरी नेऊन विचार करायला वेळ द्यायचा का, नकार किती आले ते नोंदवायचं का. नकारांची संख्या छापणारा सर्व्हे मला जास्त विश्वासू वाटतो.

वाचणाऱ्यांत कुणी निवासी डॉक्टर असेल, किंवा संशोधन करताना स्वतःच कुणी त्या ३१ टक्क्यांच्या जवळ असेल, तर टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मोजणी नंतर होईल, आधी फोन करा.