विषाणूचा माग : जनुकक्रम काय सांगतो, काय सांगत नाही

कोविडच्या साथीनंतर ‘जनुकक्रम’ हा शब्द शाळेतल्या मुलांच्याही तोंडी आला आहे. तो समजावून देताना एक उपमा नेहमी दिली जाते. जनुकक्रम म्हणजे विषाणूच्या बोटांचे ठसे. दोन रुग्णांचे ठसे जुळले, की कोणाकडून कोणाला लागण झाली ते कळते. उपमा सुटसुटीत आहे, मुलांना चटकन पटते, म्हणून आपणही ती वर्गात वापरतो. पण ती अर्धीच खरी आहे. रुग्णालयातील साथीच्या बाबतीत तर तिच्यामुळे एखाद्या निरपराध परिचारिकेवर ठपका येऊ शकतो. म्हणून या पद्धतीचे बळ कशात आहे आणि तिची मर्यादा कोठे येते, हे तीन प्रसिद्ध अभ्यासांच्या आधारे तपासून पाहू.

प्रथम पद्धत समजून घेऊ. कोविडच्या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ३०,००० अक्षरांचा आहे. आपल्या पेशीत त्याच्या प्रती निघत असताना अधूनमधून एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या प्रतींत तशीच उतरते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला यातले तत्त्व नवे नाही. दोन मुलांची बरोबर उत्तरे सारखी असली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण दोघांनीही एकाच गणितात ८ × ७ = ५४ असे लिहिले असेल, तर ती दोघे कोणत्या बाकांवर बसली होती हे आपण लगेच पाहतो. विषाणूचा माग काढणारेही अशा सारख्या चुकाच शोधतात.

आता पुढचा प्रश्न. या दोघांपैकी कोणी कोणाचे पाहून लिहिले? हे केवळ उत्तरपत्रिकांवरून सांगता येणार नाही. दोघांनी मिळून तिसऱ्याचे पाहिले असेल, असेही होऊ शकते. विषाणूच्या बाबतीत ही अडचण आकड्यांत मांडता येते. कोविडच्या विषाणूत महिन्याला साधारणपणे दोन अक्षरे बदलतात, म्हणजे सरासरी पंधरा दिवसांना एक. साथीच्या सुरुवातीच्या काळात एका माणसाकडून दुसऱ्याकडे लागण जाण्यास सुमारे पाच दिवस लागत. याचा अर्थ, एक अक्षर बदलेपर्यंत विषाणू सरासरीने तीन माणसे ओलांडून गेलेला असतो. एका वॉर्डातील चार जणांचे जनुकक्रम अगदी तंतोतंत सारखे निघाले, तर त्यांचा क्रम लावायचा कसा? ठसा एका माणसाचा असतो; जनुकक्रम मात्र अनेकांचा एकच असू शकतो. बोटांच्या ठशांची उपमा येथेच कोलमडते.

उलट बाजूने मात्र ही पद्धत फार भक्कम आहे. शेजारच्या खाटांवरील दोन रुग्ण एकाच आठवड्यात आजारी पडले आणि त्यांच्या विषाणूंत आठ-दहा अक्षरांचा फरक निघाला, तर एकाची लागण थेट दुसऱ्याला झाली नाही असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. थोडक्यात, जनुकक्रम ‘नाही’ हे ठामपणे सांगतो, ‘होय’ मात्र दबकत सांगतो.

पहिला अभ्यास इंग्लंडमधील केंब्रिजचा. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयातील २९९ रुग्णांच्या विषाणूंचे जनुकक्रम आणि त्यांच्या नोंदी एकत्र तपासण्यात आल्या. १५९ रुग्ण तंतोतंत सारख्या विषाणूंच्या ३५ गटांत बसले. मग हे रुग्ण कधी, कोठे एकत्र आले होते ते शोधले. त्यांपैकी ९२ जणांचा आपापसांतला संबंध भक्कम निघाला, ३२ जणांचा संभवनीय वाटला. बेरीज १२४ होते. उरलेल्या ३५ जणांचे विषाणू जुळत होते, पण संबंधाचा तेवढा पुरावा नव्हता. एखादा प्रकार गावात भरपूर पसरलेला असला, की दोघेजण तो वेगवेगळ्या घरांतून घेऊन रुग्णालयात येऊ शकतात. या अभ्यासाचे मोल असे, की नुसत्या जुळणीवर न थांबता त्याने प्रत्येक जुळणीची नोंदींशी गाठ घालून पाहिली.

दुसरा अभ्यास दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहराचा. तेथील सेंट ऑगस्टीन्स या रुग्णालयात मार्च-एप्रिल २०२० मध्ये साथ पसरली. ३९ रुग्ण व ८० कर्मचारी बाधित झाले आणि १५ रुग्ण दगावले. मे महिन्यात संशोधकांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. ९ मार्च रोजी युरोपातून परतलेला एक रुग्ण तातडीच्या विभागात आला होता. त्याच वेळी तेथे पक्षाघाताच्या संशयावरून आणलेला दुसरा एक रुग्ण होता. तेथून विषाणू रुग्णालयात शिरला असावा, आणि रुग्णांना एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवताना, तसेच कर्मचाऱ्यांच्या हातांमार्फत व सामाईक उपकरणांमार्फत तो पसरला असावा, असा या अहवालाचा निष्कर्ष आहे.

हा अहवाल जनुकशास्त्राचा विजय म्हणून सांगितला जातो. हे पूर्णपणे खरे नाही. मार्च २०२० मध्ये हा विषाणू माणसांत येऊन जेमतेम तीन-चार महिने झाले होते. जगभरचे नमुनेच एकमेकांसारखे होते. अशा वेळी रुग्णालयातील नमुने सारखे निघणे हा तुलनेने दुबळा पुरावा ठरतो. एका सोप्या गणितात वर्गातील निम्म्या मुलांनी एकच चूक केली असेल, तर तीवरून कॉपी सिद्ध होत नाही, तसेच हे. अहवालाची खरी ताकद आहे ती केसपेपर, वॉर्डांचे नकाशे आणि रुग्ण कोणत्या दिवशी कोणत्या खाटेवर होता याच्या नोंदी यांत. जनुकक्रमाने या कहाणीला दुजोरा दिला. कहाणी लिहिली ती नोंदवह्यांनी.

तिसरा अभ्यास सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याने थेट उपयोगाचाच प्रश्न विचारला. जनुकक्रम लवकर मिळाला, तर रुग्णालयातील संसर्ग कमी होतो का? ब्रिटनमधील १४ रुग्णालय-समूहांत ऑक्टोबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात रुग्णालयातच लागण झाल्याचा संशय असलेले २,१७० रुग्ण नोंदवले गेले. जनुकक्रम वापरण्याच्या टप्प्यांत असे १,३२० रुग्ण होते. त्यांपैकी फक्त ६५० जणांचे अहवाल हाती आले. संसर्गाच्या साप्ताहिक प्रमाणात संख्याशास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य असा फरक दिसला नाही. अहवालामुळे प्रतिबंधाच्या उपायांत काही बदल केला गेला, असे रुग्ण एकूण रुग्णांच्या ७ ते ८ टक्केच होते. मात्र अहवाल पाच दिवसांच्या आत मिळाला तेथे हे प्रमाण २०.७ टक्क्यांपर्यंत गेले.

यावरून ही पद्धत निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. तो काळ ब्रिटनमधील रुग्णालयांवर अतोनात ताण असलेला होता, आणि टप्प्यांची निवड चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. पण एक धडा स्पष्ट आहे. विषाणू कोठून आला हे कळले, तरी रुग्णाला वेगळे ठेवायला खोली नसेल, बदली कर्मचारी नसतील, तर त्या माहितीचे करायचे काय? यंत्र विकत घेता येते. रिकामी खोली आणि पुरेसे मनुष्यबळ आधीपासून असावे लागते.

आता दरबानच्या त्या ८० कर्मचाऱ्यांचा विचार करा. परिचारिका आणि रुग्ण यांचे विषाणू जुळले, की ‘तिनेच आणला’ असे म्हणणे सोपे असते. प्रत्यक्षात ती लागण रुग्णाकडून तिला झालेली असू शकते. ज्या पुराव्याला दिशा नाही, त्यावरून माणसाकडे बोट दाखवणे हे अशास्त्रीय आहे आणि अन्यायकारकही. शिवाय अशी भीती पसरली, की कर्मचारी ताप लपवतात, आणि नोंदीच खोट्या होतात. मग माग काढणार तो कशाच्या आधारे?

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. तीस अक्षरांची एक निरर्थक ओळ एका मुलाला द्या. त्याने ती भराभर उतरवून दोघांना द्यावी, त्या दोघांनी पुढे, असे चार-पाच पिढ्या चालू द्या. मग नावे झाकून सगळ्या चिठ्ठ्या दुसऱ्या गटाला द्या आणि वंशवृक्ष काढायला सांगा. फांद्या बऱ्याच अंशी जुळतील. पण तंतोतंत सारख्या चिठ्ठ्यांपाशी मुले अडतील. तेथे वाद होऊ द्या. कोणी कोणाला दोषी ठरवले आणि का, हे फळ्यावर लिहा. त्यानंतर कोण कोठे बसले होते आणि कोणाला चिठ्ठी केव्हा मिळाली, याची यादी द्या आणि वृक्ष पुन्हा काढायला सांगा. पहिल्या फेरीत विनाकारण दोषी ठरलेल्या मुलाला शेवटी दोन शब्द बोलायला सांगा.