आकड्यांचे रंग

दुपारची भांडी आवरली, की निपाणी-बेळगावकडच्या आमच्या कितीतरी आक्का मोबाईलवर ‘हॅपी कलर’ उघडतात. आकडा बघायचा, बोट टेकवायचं, खण भरतो. जीव शांत होतो. त्यावरून कुणी टोमणे मारू नयेत.

आकड्यांना माझी हरकत नाही. सिद्धचक्र विधानात अर्घ्यं ८ पासून दुपटीनं १०२४ पर्यंत जातात, मोजणी चुकवून चालतंय होय? पण मंडल भरताना रंगीत तांदूळ चिमटीतून सांडतात, शेजारची हसते, दोघी मिळून रेघ सारखी करतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत डॅन रॉबिन्स यांची आकड्यांची चित्रं खपली, तेव्हाही हातात ब्रश होता. इथं चुकीचा रंग बसतच नाही, मग हात शिकणार काय? वर मधेच जाहिरात. तिची फुली एवढीशी, की चष्मा शोधावा लागतो.