'सटायव्हा' म्हणजे लागवडीची

जालना हे बियाण्याचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा गावात आज आपण एका लॅटिन विशेषणाबद्दल बोलू, कारण ते पेरणीतूनच आलं आहे.

भात म्हणजे ओरायझा सटायव्हा, वाटाणा म्हणजे पायसम सटायव्हम, केशर म्हणजे क्रोकस सटायव्हस. आपण बहुतेकांनी ही नावं घोकली. शेवटचा शब्द का बदलतो, हे ना आपण विचारलं, ना कुणी सांगितलं. आमचा आक्षेप आहे तो इथे.

लॅटिनमध्ये 'सेरेरे' म्हणजे पेरणं. त्याचं धातुसाधित 'सातुस', पेरलेला. त्यावरून हे विशेषण. बी या अर्थाचा 'सेमेन' हा शब्दही त्याच मुळाचा. म्हणजे शब्द एकच. नाम पुल्लिंगी असेल तर सटायव्हस, स्त्रीलिंगी असेल तर सटायव्हा, नपुंसकलिंगी असेल तर सटायव्हम. आता मराठीत म्हणून बघा: पेरलेला, पेरलेली, पेरलेलं. इंग्रजी विशेषण लिंगानुसार बदलत नाही, मराठी बदलतं. आपल्या मुलांच्या तोंडी हे व्याकरण आधीपासून आहे. तरी आपण त्यांना पाठांतराला बसवतो.

एक मात्र लक्षात ठेवायचं. लिंग पाहायचं ते लॅटिन नामाचं. आपली काकडी स्त्रीलिंगी, पण क्युक्युमिस पुल्लिंगी, म्हणून क्युक्युमिस सटायव्हस.

आता अर्थ. 'पेरलेला' हे भाषांतर शब्दाला धरून आहे, पण पिकाला नेहमी लागू पडत नाही. लसणाची पाकळी आपण लावतो. केशराचा कंद लावतात. त्याला तर बीच धरत नाही. तरी लिनीअसने १७५३ च्या ग्रंथात दोघांनाही हेच विशेषण दिलं, कारण 'सेरेरे'मध्ये पेरणं आणि लावणं दोन्ही येतं. मराठी शेतकरी या दोन कामांना दोन शब्द वापरतो. म्हणून आम्ही सुचवतो: लागवडीचा, लागवडीची, लागवडीचं. हेही तिन्ही लिंगांत चालतं.

आणि यात एक गोष्ट उघड होते. रानात आपोआप उगवलेलं ते वेगळं, माणसाने जपून, निवडून, पुन्हा जमिनीत घातलेलं ते वेगळं. या विशेषणात शेतकऱ्याचं काम नोंदलेलं आहे. ते न सांगता नाव पाठ करून घेणं, हे शिकवणं अर्धवटच.