इरॅस्मसचें ग्रीक संस्करण आणि ख्रिस्ती धर्मसुधारणा

इ. स. १५१६ मध्यें रॉटरडॅमचा पंडित इरॅस्मस यानें बाझल येथील योहान फ्रोबेन याच्या छापखान्यांतून नव्या कराराची ग्रीक संहिता, स्वतः सुधारलेलें लॅटिन भाषांतर व टीपा यांसह प्रसिद्ध केली. मूळ ग्रीक संहिता छापून वाचकांच्या हातीं पडली ती ही पहिलीच. पुढील वर्षीं मार्टिन ल्यूथर यानें पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रयाविरुद्ध आपलीं पंचाण्णव विधानें मांडलीं. या दोन गोष्टींचा संबंध इतिहासग्रंथांतून वर्णिलेला आढळतो. परंतु संशोधित संहिता या नात्यानें या संस्करणाची योग्यता काय, हा प्रश्न पोथ्या हाताळणारांनींच विचारावयाचा आहे. तोच आम्ही येथें घेतों.

प्रथम गुण पाहूं. पश्चिम युरोपांत कित्येक शतकें जेरोमचें लॅटिन भाषांतरच प्रमाण मानिलें जाई. लोरेंझो वाला यानें तें ग्रीक पोथ्यांशीं ताडून टिपणें केलीं होतीं. तीं इरॅस्मसला १५०४ त लूव्हाँनजीकच्या पार्क मठांत सांपडलीं, व १५०५ त त्यानें तीं पॅरिस येथें छापविलीं. मठांत पडून राहिलेल्या एका हस्तलिखितानें पुढील कार्यास दिशा दाखविली ती अशी. मत्तयकृत शुभवर्तमानांतील एका क्रियापदाचें जुनें लॅटिन रूप ‘प्रायश्चित्त करा’ असें समजलें जाई, व धर्मगुरूपुढें पाप सांगून त्यानें नेमिलेलें प्रायश्चित्त करण्याच्या विधीस त्याचा आधार देत. मूळ ग्रीक शब्दाचा रोंख मन पालटण्याकडे आहे, हें इरॅस्मसनें दाखविलें. या शब्दार्थानें आपणांस केवढा प्रकाश मिळाला, हें ल्यूथरनें १५१८ त आपले वडील मार्गदर्शक स्टाउपिट्झ यांस कळविलें आहे. शब्द एक, पण त्यानें पाप व क्षमा यांमधील मध्यस्थाचें आसन हालविलें.

१५१९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या आधारें ल्यूथरनें वार्टबुर्गच्या किल्ल्यांत नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें. तें सप्टेंबर १५२२ मध्यें प्रसिद्ध झालें. लॅटिन न जाणणारा गृहस्थही आतां ‘यास ग्रंथाधार कोठें?’ असें विचारूं शकला. मठवासाचें श्रेष्ठत्व व पुरोहितांचें सक्तीचें ब्रह्मचर्य यांसही हाच प्रश्न आला. १५२५ त खुद्द ल्यूथरनें, जो स्वतः मठवासी होता, एका माजी मठवासिनीशीं विवाह केला.

आतां दोष. संस्करण फार घाईनें निघालें. आधारास घेतलेल्या पोथ्या थोड्या व बहुतेक उत्तरकालीन होत्या. ‘प्रकटीकरणा’ची तर एकच पोथी मिळाली, तीही रॉइख्लिन याजकडून उसनी, आणि तिचें शेवटचें पान गळालेलें! तेव्हां शेवटचीं सहा वचनें इरॅस्मसनें लॅटिनवरून ग्रीकांत स्वतः रचून घातलीं. असें करणारास आम्ही संपादक म्हणावें कीं ग्रंथकार?

दुसरें उदाहरण याहून गंभीर. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत पिता, शब्द व पवित्र आत्मा या तिघांची स्वर्गांतील साक्ष सांगणारें वाक्य लॅटिन प्रतींत असे. ग्रीक पोथ्यांत तें न आढळल्यानें इरॅस्मसनें पहिल्या दोन आवृत्त्यांतून वगळलें. त्यावर त्रैक्यसिद्धान्तास धक्का दिल्याचा गिल्ला झाला. मग तें वाक्य असलेली एक ग्रीक पोथी इंग्लंडांतून पुढें आली. ती आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत आहे. तिचें लेखन सोळाव्या शतकाच्या आरंभींचें. तिजवर विश्वास नसतांही इरॅस्मसनें १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तींत तें वाक्य घातलें. ल्यूथरनें आपल्या हयातींत तें भाषांतरांत घेतलें नाहीं; परंतु १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत तें शिरलें, व १८८१ च्या सुधारित प्रतींतूनच निघालें.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५४६ त जुनें लॅटिन भाषांतर प्रमाण ठरविलें, म्हणून सुधारकांनीं तिला दुराग्रही म्हटलें. पण त्यांच्या अनुयायांनींही हीच घाईची ग्रीक संहिता तीन शतकें जवळजवळ अढळ मानिली. पोपचें प्रामाण्य सोडून ग्रंथाचें धरिलें, तरी तो ग्रंथ कोणत्या पोथ्यांवरून सिद्ध झाला हें पाहणें सुटत नाहीं. इरॅस्मसनें वाट उघडली, याचें श्रेय त्यास निःसंशय द्यावें. परंतु गळालेलें पान गळालेलेंच दाखवावें, आणि पोथीचा काल ठरल्यावांचून तिचा पाठ मूळांत घेऊं नये, हे दोन नियम त्यानें मोडले. व त्यांची किंमत पुढील वाचकांनीं दिली, असा आमचा अभिप्राय आहे.