ॲरन बरची फेरतपासणी

अमेरिकन प्रजासत्ताकाच्या पहिल्या पिढीत वंदनीय पुरुषांची वानवा नव्हती. खलपुरुषाची जागा मात्र जवळजवळ एकट्या ॲरन बरने भरून काढली. उपाध्यक्षपदावर असताना त्याने ११ जुलै १८०४ रोजी वीहॉकन येथे द्वंद्वयुद्धात ॲलेक्झांडर हॅमिल्टनला गोळी घातली आणि दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन मरण पावला. बाकीचा बर त्या एका गोळीच्या धुरात हरवला तो हरवलाच.

त्याला धुरातून बाहेर काढण्याचे दोन प्रयत्न विशेष गाजले. पहिला गोर व्हिदालच्या ‘बर’ या १९७३ सालच्या कादंबरीचा. म्हातारा बर आपल्या कचेरीतल्या तरुण कारकुनापुढे आठवणी उलगडतो आणि वॉशिंग्टन, जेफरसन यांच्या अंगावरची देवपणाची वस्त्रे एकेक करून उतरवितो. वाचताना हसू आवरत नाही. पण पुस्तक मिटल्यावर ध्यानात येते, की येथे बर मोठा झालेला नाही. बाकीचे लहान झाले आहेत. शिवाय हॅमिल्टनच्या ज्या तिरस्कारयुक्त मतावरून द्वंद्व जुंपले, ते नेमके काय होते हे वृत्तपत्रात आलेल्या पत्रात सांगितलेले नव्हते. ती रिकामी जागा व्हिदालने बापलेकीच्या नात्यावर शिंतोडे उडवून भरली. कादंबरीकाराला मुभा असते हे मान्य; पण जन्मभर कुटाळकी सोसलेल्याचा कैवार घेताना आणखी एक कुटाळकी कशाला?

आणि तीही नेमकी त्याच्या चरित्रातल्या सर्वांत उजळ भागावर! कन्या थिओडोसिया हिला बरने मुलाप्रमाणे लॅटिन, ग्रीक शिकविले. मेरी वुल्स्टनक्राफ्टचे स्त्रियांच्या हक्कांवरील पुस्तक हाती पडताच त्याने जवळजवळ सारी रात्र जागून ते वाचले आणि १७९३ साली पत्नीला तसे कळविले. नॅन्सी आयझेनबर्ग या इतिहासकार बाईंनी ‘फॉलन फाउंडर’ (२००७) या चरित्रात बरची ही विचारी बाजू जिव्हाळ्याने मांडली आहे.

ही बाजू इतकी वर्षे दबून का राहिली? डिसेंबर १८१२ अखेर थिओडोसिया ‘पेट्रिअट’ जहाजाने वडिलांच्या भेटीस निघाली. जहाज बेपत्ता झाले. तिच्याजवळचे बापाचे कागदपत्रही तिच्याबरोबर गेले. जेफरसन आणि हॅमिल्टन यांच्या पत्रांचे मात्र खंडांमागून खंड निघाले. वादीचे दप्तर शाबूत आणि प्रतिवादीचे समुद्रात, अशा खटल्यात निकाल कोणीकडे झुकावा?

खरा खटला चालला तेव्हा निकाल वेगळाच लागला होता. पश्चिमेकडील मुलूख फोडण्याचा कट केला, असा बरवर आरोप होता. तो सिद्ध होण्यापूर्वीच अध्यक्ष जेफरसनने काँग्रेसला त्याचा अपराध निःसंशय असल्याचे सांगून टाकले. तथापि १८०७ साली रिचमंड येथे सरन्यायाधीश जॉन मार्शल राज्यघटनेला धरून बसला : देशद्रोहाच्या उघड कृतीला दोन साक्षीदार हवेत. ते नव्हते, बर सुटला. मुख्य साक्षीदार जनरल विल्किन्सन स्पेनचा पैसा खात होता, हे पुढे स्पेनच्याच दप्तरांतून उघड झाले. ज्या सांकेतिक पत्रावरून गदारोळ माजला, ते बरच्या हातचे नव्हतेच, असे १९८३ साली निघालेल्या त्याच्या कागदपत्रांच्या संपादकांचे मत आहे.

येथवर बाईंशी माझा वाद नाही. पण त्यांची वकिली कधीकधी आरतीकडे झुकते. याच बरने १७९९ साली न्यूयॉर्कला पिण्याचे पाणी पुरविण्याच्या नावाखाली कंपनीची सनद मिळविली आणि तिच्या पोटातून बँक बाहेर काढली! १७८५ साली विधिमंडळात गुलामगिरी तत्काळ बंद करावी म्हणणाऱ्या या गृहस्थाच्या घरी गुलाम राबत होते. घरात चाकरीस असलेल्या मेरी एमन्सचा मुलगा जॉन पिएर (आई कलकत्त्याकडची, अशी त्या घराण्यातली परंपरा) हा बरचाच, हे बरच्या वंशजांच्या संघाने मान्य केले २०१८ साली, म्हणजे बाईंच्या पुस्तकानंतर अकरा वर्षांनी. आता जो कोणी बरचे नवे चरित्र लिहील, त्याने थिओडोसिया आणि जॉन पिएर या दोघांना एकाच प्रकरणात शेजारी बसवावे.