गुरुजींनी उठून बैल सोडले तर?

मंडळी, आजचा प्रश्न असा की मेल नुसती उघडून वाचली तरी धोका असतो का? आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, संगणकातलं बेताचंच कळतं. पण हा प्रश्न मुळात भाषेचा आहे, म्हणून बोलायचं धाडस करतो.

आपल्या आमगाव-देवरीकडच्या खेड्यांत पूर्वी पत्र वाचून दाखवायला गुरुजी किंवा पोस्टमन लागायचे. पत्रात असायचं, 'बैल सोड आणि शेतावर ये.' गुरुजी ते वाचायचे. उठून गोठ्यात जायचे नाहीत. शब्द उच्चारणं वेगळं, शब्दाप्रमाणे वागणं वेगळं. संस्कृतातला 'इति' हेच सांगतो: इथपर्यंत दुसऱ्याचं बोलणं, पुढे माझं.

वेबमेलमध्ये हा 'इति' पुसला गेला, की त्याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. मेलमध्ये दडवलेली स्क्रिप्ट गाळून टाकायची असते. ती गाळली गेली नाही, तर ब्राउझर ती चालवतो, आणि तीही तुमच्या लॉगिनच्या अधिकारानं. मग ती तुमची पत्रं बाहेर पाठवू शकते. 2006 च्या जूनमध्ये याहू मेलवर यामॅनर हा वर्म असाच पसरला.

नंतरचं उदाहरण राऊंडक्यूबचं. ऑक्टोबर 2023 मध्ये विंटर व्हिवर्न या हेरगिरी करणाऱ्या गटानं युरोपातल्या सरकारी कार्यालयांना मेल धाडल्या. स्क्रिप्ट एसव्हीजी चित्राच्या टॅगमध्ये लपवली होती. आलेला मजकूर धुऊन घेणारी एक फाइल राऊंडक्यूबमध्ये असते, तिच्या नावातच 'वॉश' आहे. हा डाग मात्र तिच्या हातून सुटला. ईसेट कंपनीनं 12 ऑक्टोबरला चूक कळवली, 14 तारखेला दुरुस्ती तयार झाली.

आता आमची टीका. जिथे तिथे सल्ला एकच: 'अनोळखी लिंकवर क्लिक करू नका.' सल्ला खोटा नाही, पण इथे तो कामाचा नाही. इथे क्लिक करायची गरजच नव्हती, ब्राउझरमध्ये मेल पाहिली की पुरे. बैल गुरुजींनी सोडले आणि बोल मात्र पत्र ऐकणाऱ्या म्हातारीला!

कोणी म्हणेल, दोन दिवसांत दुरुस्ती झाली, आणखी काय हवं? पण दुरुस्ती तयार होणं आणि ती आपल्या सर्व्हरवर बसणं, यांत फार अंतर आहे. याच गटानं 2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात राऊंडक्यूबचंच आणखी एक भोक वापरलं, आणि ते तर 2020 मध्येच बुजवलेलं होतं. औषध पावणेतीन वर्षं बाजारात होतं, रोग्यापर्यंत कोणी नेलं नाही.

हे युरोपातलं म्हणून सोडू नका. सीपॅनेलच्या होस्टिंगवर राऊंडक्यूब सोबतच मिळतं, म्हणजे लहान कॉलेजं आणि पतसंस्थाही त्यावर असू शकतात. तेव्हा आपापल्या संस्थेत जाऊन एवढंच विचारा: आपल्या मेलची आवृत्ती कोणती, ती शेवटची कधी बदलली, आणि हे बघणारा माणूस कोण? तिसऱ्या प्रश्नाला कोणाचंच नाव पुढे आलं नाही, तर आपला गोठा उघडाच आहे असं समजा.